उभ्याचें तिकीट आणि रांगेची रीत

गेल्या स्नेहसंमेलनाच्या सायंकाळीं आमच्या सभागृहाच्या दारांत जो प्रकार झाला तो पालकांपैकीं पुष्कळांनीं स्वतः पाहिलाच आहे. दार उघडतांच मागल्यांनीं रेटा दिला, पुढले दोन लहानगे पायऱ्यांवर पडले, आणि एका आजीबाईंची चप्पल जी गेली ती शेवटपर्यंत सांपडली नाहीं. आंत जाऊन पाहावें तों पहिल्या तीन ओळींतील निम्म्या खुर्च्या हातरुमालांनीं व पिशव्यांनीं अडविलेल्या! दुसऱ्या दिवशीं वर्गांत ही गोष्ट निघाली तेव्हां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, तिकिटावर जागेचा क्रमांकच नसेल, तर दुसरें काय होणार?" प्रश्न अगदीं वाजवी होता. त्याचें उत्तर म्हणून आम्ही येथें अशा एका ठिकाणाची हकीकत सांगणार आहों, कीं जेथें हजाराहून अधिक माणसांस क्रमांक नाहीं, खुर्ची नाहीं, आणि तरीही सर्वांत चांगली जागा त्यांचीच असते.

लंडन शहरांत दरवर्षीं जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सुमारें आठ आठवडे, जवळजवळ रोज पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. त्यांस 'प्रॉमेनेड कॉन्सर्ट', किंवा थोडक्यांत 'प्रॉम्स', असें म्हणतात. प्रॉमेनेड म्हणजे फेरफटका. पूर्वीं लंडनच्या बागांतून वाद्यें वाजत व लोक हिंडतफिरत तीं ऐकत, त्यावरून हें नांव पडलें. प्रॉम्सचा आरंभ १० ऑगस्ट १८९५ रोजीं 'क्वीन्स हॉल' या सभागृहांत झाला. त्या सभागृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांची कल्पना अशी, कीं सामान्य लोकांस चांगलें संगीत ऐकावयास लावावयाचें तर प्रथम त्यांच्या आवडीचें सोपें संगीत द्यावें आणि मग हळूहळू पायरी चढवीत न्यावी. आम्हां शिक्षकांस हा माणूस आपल्यापैकींच एक वाटतो. वाद्यवृंदाचें नेतृत्व त्यांनीं हेन्री वुड या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे सोंपविलें. द्रव्यसाहाय्य केलें तें जॉर्ज कॅथकार्ट नांवाच्या घशाच्या डॉक्टरांनीं. त्यांची मुख्य अट मोठी मजेची होती. लंडनांत वाद्यें फार वरच्या सुरांत लावीत, त्यानें गायकांच्या गळ्यास ताण पडतो, म्हणून सूर खालीं आणावा! ती अट मान्य झाली.

उभे राहून ऐकणाराचें तिकीट एक शिलिंग ठेवलें होतें, आणि सबंध हंगामाचें एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. खाणें, पिणें, धूम्रपान, सारें चाले. विनंती एवढीच, कीं गाणें चालू असतांना आगकाडी ओढूं नये. १९२७ पासून या मैफलींचा भार बी. बी. सी. ने उचलला. पुढें १९४१ च्या मे महिन्यांत जर्मन विमानांच्या बाँबवर्षावांत क्वीन्स हॉल जळून गेला; पण मैफली बंद पडल्या नाहींत. त्याच वर्षीं त्या 'रॉयल आल्बर्ट हॉल' या १८७१ सालीं उघडलेल्या भव्य वाटोळ्या सभागृहांत नेल्या, आणि आजही तेथेंच होतात.

या सभागृहाची रचना ध्यानांत घेतल्यावांचून पुढील गोष्टी समजणार नाहींत. मध्यभागीं मंचासमोर मोठें सपाट अंगण आहे. त्यास 'अरीना' म्हणतात. त्याभोवतीं खुर्च्यांच्या चढत्या ओळी, त्यांवर सज्जे, आणि अगदीं घुमटाखालीं वाटोळी 'गॅलरी'. प्रॉम्सच्या दिवसांत अरीनांतील खुर्च्या काढून टाकतात. म्हणजे वाद्यवृंदाच्या नेत्यापासून चार हातांवरची जी जागा इतरत्र श्रीमंतांनींच घ्यावी, ती येथें उभ्याच्या तिकिटावर मिळते. अरीना व गॅलरी मिळून तेराशेंच्या आसपास माणसें उभीं राहतात. २०२४ सालीं हें तिकीट ८ पौंडांस होतें. खुर्चीवर आरामांत बसून मागून पाहणारानें मात्र त्याहून अधिक द्यावे. पुढची जागा पैशानें विकत मिळत नाहीं. ती मिळते वेळ देणारास, आणि वेळ म्हणजेच रांग.

कित्येक वर्षें हीं तिकिटें मैफलीच्या दिवशीं दारावरच, रोख पैशानें, विकलीं जात. अलीकडे तीं त्या दिवशीं सकाळीं संगणकावरून घेतां येतात. त्यामुळें पूर्वींची रांग तिकिटासाठीं होती, आतांची मुख्यतः जागेसाठीं आहे. अरीनाची रांग निराळी, गॅलरीची निराळी. सभागृहाच्या दक्षिण अंगास रुंद दगडी पायऱ्या आहेत, त्यांवर अरीनाची मंडळी दुपारपासून येऊन बसतात. कोणी पुस्तक वाचतो, कोणी विणकाम करितो, कोणी रात्रीं वाजावयाच्या रचनेची स्वरलिपि मांडीवर उघडून पाहतो. संपूर्ण हंगामाचें तिकीट घेतलेल्यांची रांग स्वतंत्र. पण तें तिकीट म्हणजे जागेचा ताम्रपट नव्हे. त्यांनींही येऊन उभें राहिलें पाहिजे, आणि ठराविक वेळेच्या आंत आले नाहींत तर प्रवेशाची हमी उरत नाहीं.

रांगेचे नियम थोडे आहेत आणि बहुतेक कोठें लिहिलेले नाहींत. रांग माणसांची, सामानाची नव्हे. एकानें पांच मित्रांसाठीं जागा धरूं नये. चहास अथवा शौचास जावयाचें तर मागल्यापुढल्यास सांगून जावें व लौकर परतावें. गर्दी वाढूं लागली तेव्हां सेवक क्रमांकाच्या चिठ्ठ्याही देऊं लागले, म्हणजे चार पावलें जाऊन आलें तरी तंटा नको.

आमचा एक माजी विद्यार्थी शिक्षणासाठीं लंडनांत आहे. त्याची पहिल्या दिवशींची फजिती त्यानेंच पत्रानें कळविली. दुपारीं तीन वाजतां जाऊन त्यानें आपली पिशवी पायरीवर ठेवली आणि निर्धास्तपणें बागेंत फिरावयास गेला. दोन तासांनीं येऊन पाहतो तों पिशवी भिंतीशीं नीट उभी करून ठेवलेली, व तिच्या जागीं एक वृद्ध बाई बसलेल्या. याच्या कपाळास आठ्या पडल्या. बाई मात्र शांतपणें म्हणाल्या, "तुमची पिशवी सुरक्षित आहे. रांगेचें शेवट तिकडे, झाडापाशीं." आणि आपल्या डब्यांतील पावाचा एक तुकडा त्यांनीं त्याच्या हातावर ठेवला. तो लिहितो, कीं कोणी ओरडलें असतें तर आपण भांडलों असतों. पावाचा तुकडा हातांत घेऊन भांडतां येईना. तो झाडापाशीं गेला. त्या रात्रीं त्यास एका उंच गृहस्थाच्या खांद्यामागून निम्मा वाद्यवृंद दिसला, पण ऐकूं सगळा आला.

दार उघडल्यावर धांवावयाचें नाहीं, चालावयाचें. अगदीं पुढें पितळी कठडा आहे; त्यास टेकून उभें राहणें हें नेमानें येणारांचें परम सुख. मध्यंतरांत मंडळी जमिनीवरच बसतात. पण परत उभे राहतांना जो तो आपल्याच जागीं असतो, मध्यंतराचा फायदा घेऊन पुढें सरकत नाहीं. पिशवी दोन पावलांच्या मध्यें. छत्री, पंखा, कागदाचा आवाज, सारें संगीत सुरू होण्यापूर्वीं आटपावयाचें.

उभें राहण्याचेंही एक शास्त्र आहे, तें आमच्या कवाइतींतही उपयोगी पडेल म्हणून सांगतों. माणूस ताठ, निश्चल उभा राहिला कीं रक्त पायांत सांचतें. चालतांना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात व रक्त वर ढकलतात; निश्चल उभे राहिल्यानें तें काम थांबतें, मेंदूस रक्त कमी पोहोंचतें, आणि घेरी येते. उकाडा व उपाशी पोट असल्यास अधिकच लौकर. म्हणून गुडघे ताठ आवळूं नयेत, बुटांतल्या बुटांत पायांचीं बोटें हालवावीं, भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा, आणि आधीं पाणी प्यावें. १९७४ सालीं आंद्रे प्रेव्हिन 'कार्मिना बुराना' ही रचना सादर करीत असतां मंचावरचे मुख्य गायक टॉमस ॲलन हेच उकाड्यानें कोसळले. तेव्हां श्रोत्यांतील एक तरुण गायक मंचामागें गेला, हा भाग मला येतो असें त्यानें सांगितलें, आणि उरलेलें गाणें त्यानें तडीस नेलें!

टाळ्यांचा प्रश्न नाजूक आहे. एका रचनेचे तीन-चार खंड असतात. जुन्या श्रोत्यांचा कटाक्ष असा, कीं सर्व खंड संपेपर्यंत टाळी वाजवूं नये. आमच्या मतें नवख्यानें मध्येंच टाळी दिली तर त्यास डोळे वटारून पाहणें हा टाळीहून मोठा दोष होय. आपल्याकडे समेवर दाद देणारा कान तेथें चुकला तर नवल काय? खरा अपराध निराळाच. अंतिम सूर हवेंत विरत आहे, नेत्याचे हात अद्याप वर आहेत, आणि कोणी आपली विद्वत्ता दाखविण्यासाठीं सर्वांआधीं "वाहवा" म्हणून ओरडतो! पांच हजार माणसांनीं मिळून राखलेली शांतता तो एकटा मोडतो.

हे लोक गंभीरच असतात असें मात्र समजूं नये. पियानोचें झांकण उघडतांना अरीनांतील मंडळी नाविकांप्रमाणें जोर लावण्याची आरोळी देतात, आणि तिचें उत्तरार्ध वरून गॅलरी पुरा करिते. वाद्यें मिळवून घेण्यासाठीं पियानोवर एक स्वर वाजविला कीं त्यासही टाळ्या पडतात. दारापाशीं हेच उभे श्रोते डबे घेऊन संगीतविषयक धर्मादाय संस्थांसाठीं पैसे गोळा करितात. हंगामाच्या शेवटच्या रात्रीं तर निशाणें व कर्णे घेऊन येतात. त्या रात्रींच्या प्रवेशासाठीं आधीं निदान पांच मैफलींस हजर असल्याचा दाखला मागण्याची चाल आहे. क्वीन्स हॉलच्या राखेंतून वांचलेला हेन्री वुड यांचा अर्धपुतळा ऑर्गनपुढें ठेवलेला असतो. त्यास त्या रात्रीं हार घालतात.

परंतु याच श्रोत्यांची एक कठीण परीक्षाही झाली आहे. २१ ऑगस्ट १९६८ च्या सायंकाळीं सोव्हिएट सरकारी वाद्यवृंद वाजविणार होता, आणि नेमक्या त्याच दिवशीं सोव्हिएट रणगाडे प्राग शहरांत शिरले होते. त्यांत रोस्त्रोपोविच यांस वाजवावयाचा होता तो झेक रचनाकार द्वोर्झाक यांचा चेलोवरचा कंचेर्तो! बाहेर निदर्शनें चाललीं होतीं, आंतही निषेधाच्या आरोळ्या उठल्या. राग रास्त होता. पण समोरच्या वादकांनीं रणगाडे धाडले नव्हते. आरोळ्या शमल्या. रोस्त्रोपोविच यांनीं डोळ्यांत अश्रू आणून तो कंचेर्तो वाजविला, आणि शेवटीं द्वोर्झाक यांच्या स्वरलिपीचें पुस्तक दोन्ही हातांनीं डोक्यावर उंच धरलें. कोणत्या क्षणीं ओरडावें व कोणत्या क्षणीं ऐकावें, हें त्या रात्रीं कोणत्याही सेवकास चिठ्ठीवर लिहून देतां आलें नसतें.

आपल्याकडे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत भारतीय बैठकीवर बसणारांस हें सारें अर्धें ओळखीचें वाटेल. सतरंजीच्या एका टोंकावरून होणारे तंटेही ओळखीचे वाटतील.

आतां आमच्या सभागृहाविषयीं. येत्या स्नेहसंमेलनास पहिल्या दोन ओळी वृद्धांसाठीं व लहान मुलें कडेवर असलेल्या मातांसाठीं राहतील. बाकीच्यांस दुपारीं चारपासून पिंपळाच्या पारापाशीं क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतील, माणशीं एक. रुमालास किंवा पिशवीस चिठ्ठी मिळणार नाहीं. चिठ्ठ्या फाडून देण्याचें काम ज्या विद्यार्थ्यानें आम्हांस तो प्रश्न विचारला होता त्याच्याचकडे दिलें आहे, आणि त्यानें तें पत्करलें आहे. मात्र आपल्या आईसाठीं एक चिठ्ठी आधींच राखून ठेवावी काय, असें त्यानें काल विचारलें. "त्यांना चार वाजतां पारापाशीं यावयास सांग," असें आम्हीं म्हटलें.