मुसळधार की झड? पावसाच्या शब्दांतील शेतीचे ज्ञान

मराठीतील ‘मुसळधार’ आणि जबलपूरच्या हिंदीतील ‘मूसलाधार’ हे दोन्ही शब्द भात कांडण्याच्या मुसळावरून आले आहेत. गुजरातीत अशा पावसाला ‘सांबेलाधार’ म्हणतात. सांबेलुं म्हणजेही मुसळच. स्पॅनिश भाषेत घागरी ओतल्या जातात, फ्रेंचमध्ये दोर पडतात, वेल्शमध्ये म्हाताऱ्या आणि काठ्या कोसळतात, तर इंग्रजीत कुत्री-मांजरे. यांपैकी मुसळाची उपमा शेतीच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे.

मुसळ एकाच जागी पुनःपुन्हा आदळते. मोठ्या थेंबांचा पाऊसही उघड्या जमिनीवर असाच आघात करतो. ढेकळे फुटतात, सुटे झालेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहू लागते. उघडीप मिळताच पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो व नव्या पेरणीची उगवण अडते.

विदर्भात लागणारी ‘झड’, म्हणजेच हिंदीतील ‘झडी’, याहून निराळी. तिचा जोर कमी, परंतु मुक्काम मोठा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी होते, सोयाबीन व तूर पिवळी पडते, कोळपणी आणि फवारणी खोळंबते, तण माजते.

हा भेद दैनंदिन आकड्यात दिसत नाही. भारतीय हवामान विभाग २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरपर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार या वर्गात मोजतो. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती ‘अतिवृष्टी’ ठरते. एवढा पाऊस म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर पाणी. ते दिवसभरात पडले की दोन तासांत, यावर मातीचे भवितव्य अवलंबून असते. तासाभरात ६० मिलिमीटर कोसळून सुपीक थर वाहून गेला, तरी तो आकडा या निकषाच्या अलीकडेच राहतो.

पावसाचे प्रमाण आणि प्रकार या दोहोंचा विचार करणारी पारंपरिक पद्धत म्हणजे जबलपूर, नरसिंहपूर परिसरातील ‘हवेली’. येथे वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ओली काळी जमीन खरिपात मशागतीस अवघड. म्हणून शेताला उंच मातीचे बांध घालून पावसाचे पाणी शेतातच कोंडले जाई. साचलेल्या पाण्यामुळे थेंबांचा मारा जमिनीला लागत नसे, बांधांमुळे माती अडे आणि पाण्याखाली तणही दबे. सप्टेंबरअखेरीस पाणी सोडून, मुरलेल्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरला जाई. सिंचन आणि सोयाबीन वाढल्यावर ही पद्धत आक्रसली.

पाणी सोडण्याच्या याच सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात येतो. मराठीत तो ‘हत्तीचा पाऊस’, हिंदीत ‘हथिया’. कोरडवाहू रब्बीला हा पाऊस ओल देतो. मात्र हवेलीतील पाणी नुकतेच सोडले असेल, तर तोच पाऊस वाफसा लांबवून पेरणी मागे ढकलतो. शब्द एकच, परंतु शेतानुसार सल्ला वेगळा.

विस्तार कार्यकर्त्यांनी म्हणूनच पर्जन्यमापकाच्या नोंदीसोबत पाऊस सुरू होण्याची व थांबण्याची वेळ आणि शेतकऱ्याने त्यासाठी वापरलेला शब्दही टिपावा. उत्तर ‘मुसळधार’ असेल, तर बांध व सांडवे तपासावेत, पापुद्रा हलका फोडावा आणि उगवण मोजूनच नांग्या भराव्यात. उत्तर ‘झड’ असेल, तर चर काढून निचरा करावा, युरिया व फवारणी उघडीपीपर्यंत थांबवावी आणि रोगांसाठी पिकाची पाहणी करावी. मिलिमीटर किती, हे पर्जन्यमापक सांगतो. पाऊस कसा पडला, हे शेतकऱ्याच्या शब्दातून कळते. सल्ला देण्यापूर्वी दोन्ही हाती असावेत.