भुताची अट

लग्न लागून वरात परत निघालेली. वाटेत एका झाडाखाली सगळे विसाव्याला थांबले, तेव्हा त्या झाडावर राहणाऱ्या भुताने नवरीला पाहिलं आणि त्याचा तिच्यावर जीव जडला. नवरा शेठाचा मुलगा, डोक्यात सतत हिशेब. घरी पोचल्याबरोबर मुहूर्त साधून तो पाच वर्षांसाठी परमुलखात व्यापाराला निघून गेला. भुताने त्याचं रूप घेतलं, रोज सकाळी पाच मोहरा मिळतील असं शेठाला सांगितलं आणि घरात शिरलं. रात्री नवरीच्या खोलीत गेल्यावर मात्र त्याने तिला सगळं खरं सांगून टाकलं. मी तुझा नवरा नाही, मी भूत आहे. आता तू म्हणशील तसं.

ही विजयदान देथा यांची 'दुविधा'. देथा जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावचे. गावातच राहून त्यांनी लोकांच्या तोंडच्या कथा ऐकल्या आणि राजस्थानी भाषेत आपल्या पद्धतीने पुन्हा रचल्या. 'दुविधा'वर मणी कौल यांनी १९७३ साली त्याच नावाचा चित्रपट केला. २००५ साली अमोल पालेकरांनी त्याच कथेवर 'पहेली' काढला. पटकथा संध्या गोखले यांची. एकाच कथेचे हे दोन अवतार शेजारी ठेवले, तर अमानवी प्रेमाची कादंबरी कशी लिहायची याचा निम्मा पाठ तिथेच मिळतो.

देथांच्या कथेत खरा नवरा परत येतो. एकसारखे दोन पुरुष समोर उभे, कोण खरा हे कुणालाच ठरवता येत नाही. शेवटी एक मेंढपाळ युक्ती करून भुताला पखालीत कोंडतो. भुताची रवानगी नदीत होते आणि बाईच्या वाट्याला तिला नको असलेला संसार येतो. 'पहेली'त भूत सुटतं आणि नवऱ्याच्या देहात शिरून तिच्याकडे परत येतं. पहिली कथा तुम्हाला जखम देऊन जाते. दुसरी त्या जोडप्याला एकत्र आणते, आणि म्हणूनच पॅरानॉर्मल रोमान्स म्हणून जगभर जो प्रकार लिहिला-वाचला जातो, त्यात ती बसते.

या प्रकाराची मागणी साधी आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने रोमान्सची व्याख्या दोनच गोष्टींवर उभी केली: कथेच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. नायक रक्तपिपासू असेल, नायिका मरून शंभर वर्षं झाली असतील, तरी ही दोन कलमं सुटत नाहीत. आपल्याकडे याला कमअस्सल समजण्याची सवय आहे. मला ते मान्य नाही. शेवट आधीच ठरलेला असतो म्हणून लेखकाचं काम सोपं होत नाही, उलट अवघड होतं. वाचकाला ठाऊक असतं की ही दोघं एकत्र येणार. तरीही पानोपानी त्याला हे अशक्य वाटलं पाहिजे. ते अशक्य वाटायला लावते ती अट.

अमानवी प्रेमाची प्रत्येक टिकलेली कथा एका अटीवर उभी आहे. उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात येतो आणि त्यांची पूर्ण गोष्ट शतपथ ब्राह्मणात. उर्वशी पृथ्वीवर राहायला तयार होते, पण तिची अट असते की पुरूरवा तिला कधी विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात. ती आक्रोश करते, पुरूरवा आहे तसा उठून धावतो, तेवढ्यात गंधर्व वीज चमकवतात. एका क्षणाच्या उजेडात संसार मोडतो. यातली बांधणी बघण्यासारखी आहे. पुरूरव्याने अट बेइमानीने मोडली नाही; बायकोची कोकरं वाचवायला धावताना, म्हणजे प्रेमापोटीच, ती मोडली. गंगा आणि शंतनू यांचंही तसंच. तिने विचारायचं नाही असं बजावलं होतं, आणि सात मुलं गमावल्यावर आठव्याच्या वेळी बापाने तोंड उघडलं. जे प्रेम अटीमुळे शक्य झालं, त्याच प्रेमाने ती मोडावी, असा हा पेच आहे.

आजच्या लेखकांत ही गोष्ट नलिनी सिंग यांना फार चांगली कळली आहे. त्या भारतीय वंशाच्या, फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या. त्यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन' ही कादंबरी २००६ साली आली आणि तिच्यापासून एक लांबलचक मालिका सुरू झाली. तिच्या जगात मनाची विलक्षण शक्ती असलेला एक समाज आहे. त्या शक्तीने वेड आणि हिंसा येते म्हणून या समाजाने १९७९ साली भावनाच बंद करायचं ठरवलं. मुलांना लहानपणापासून काहीही न वाटण्याचं वळण लावलं जातं. नायिका साशा या समाजातली, आणि तिला वाटतं. हे उघड झालं तर तिचं मन पुसून टाकलं जाईल. तिच्यासमोर येतो तो बिबट्याचं रूप घेणाऱ्या समाजातला पुरुष, ज्याच्या लोकांत स्पर्श हाच रोजचा व्यवहार. सिंग यांनी अमानवी शक्ती सजावटीला घेतलेली नाही. साशाला प्रेम वाटणं हाच तिथे देहान्ताएवढा गुन्हा आहे, त्यामुळे साधा हात धरण्याच्या प्रसंगालाही वजन येतं.

स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट'ची सुरुवात २ जून २००३च्या रात्री पडलेल्या स्वप्नातून झाली, असं त्यांनी सांगितलं आहे. एका कुरणात एक मुलगी आणि एक व्हॅम्पायर बोलत बसले आहेत. त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि त्याला तिच्या रक्ताची तहानही लागली आहे. पुस्तक २००५ साली आलं. त्याच्या भाषेवर, त्यातल्या नातेसंबंधावर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातला बराच भाग रास्त आहे. पण त्या एका स्वप्नात अट किती घट्ट होती पाहा: जितकी जवळीक, तितका मृत्यू जवळ.

म्हणून लिहायला बसणाऱ्याने पहिल्यांदा हे करून पाहावं. आपल्या कथेतलं भूत काढून तिथे परगावचा, परजातीचा किंवा नुसता श्रीमंत माणूस ठेवावा. कथा तशीच चालत राहिली, तर भुताची गरज नव्हती. चांगल्या कथेतून भूत काढलं की प्रेमही नाहीसं होतं.

दुसरी गोष्ट रहस्याची. भयकथेत 'ते काय आहे?' हा प्रश्न शेवटपर्यंत ताणता येतो. प्रेमकथेत तो लवकर सुटलेला बरा, कारण तिथला खरा प्रश्न 'आता याच्याबरोबर राहायचं कसं?' हा असतो. देथा पहिल्याच रात्री भुताकडून सत्य वदवून घेतात आणि मग घरात काय काय घडतं ते सांगत बसतात. शेठाच्या मोहरा, गावातली प्रतिष्ठा, बाईला राहिलेले दिवस, तिचं बाळंतपण. भूत घरातला चांगला मुलगा होतं, खऱ्या मुलापेक्षा चांगला. संसाराच्या या तपशिलांत कथा श्रीमंत होते. नवशिके लेखक नेमके इथेच हात आखडतात. दीडशे पानं धुकं, खिडकीवरचे ओरखडे आणि विझणारे दिवे यांत घालवतात आणि दोघांना एकत्र जेवायलाही बसवत नाहीत. उलट टोकाचा दोष म्हणजे शेवटी सगळ्याचा उलगडा करून टाकणं. कमाल अमरोही यांचा 'महल' १९४९चा. त्यातलं भूत अखेर जिवंत मुलगी निघते. त्या चित्रपटाला ते शोभलं, कारण भ्रमाने झपाटलेला पुरुष हाच त्याचा विषय होता. प्रेमकथेत असा खुलासा केला तर वाचकाने दोनशे पानं ज्याच्यावर जीव लावला तो कधी नव्हताच, असं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक: संमती. अमानवी नायकाकडे बळ असतं. तो रूप बदलतो, मन वाचतो, भिंतीतून येतो. माणसाकडे यातलं काही नसतं. गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल' या १९८८च्या नाटकात, ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथेत, नाग रात्री राणी नावाच्या नायिकेच्या नवऱ्याचं रूप घेऊन येतो. दिवसा छळणारा नवरा रात्री एवढा प्रेमळ कसा, हे तिला कळत नाही आणि नाग सांगत नाही. नाटक अप्रतिम आहे. कार्नाडांनी हे न सांगणंच त्याच्या गाभ्याशी ठेवलं आणि शेवटही एकाहून अधिक दिले. पण रोमान्स म्हणून पाहिलं तर 'दुविधा'चं भूत नागाच्या कितीतरी पुढे आहे. त्याच्या हातात सगळं होतं, तरी त्याने निर्णय बाईच्या हाती दिला. 'ट्वायलाइट'मध्ये व्हॅम्पायर एडवर्ड नायिका बेला झोपलेली असताना तिच्या नकळत खोलीत येऊन तिला पाहत बसतो, तेव्हा अनेक वाचक अस्वस्थ झाले, ते उगीच नाही. आदित्य सरपोतदार यांच्या २०२४च्या 'मुंज्या'त कोकणातल्या एका मुलाचं भूत त्याला हव्या असलेल्या मुन्नी नावाच्या मुलीसाठी हटून बसतं. चित्रपटाने त्याला भय आणि विनोदाच्या बाजूला ठेवलं, ते योग्य केलं. एकाची हाव म्हणजे दोघांचं प्रेम नव्हे. शक्ती ज्याच्याकडे जास्त, त्याने कथेत काहीतरी सोडलं पाहिजे, आणि नाही म्हणायची वाट दुसऱ्यासाठी खरोखर उघडी असली पाहिजे.

कथा कोण सांगतं, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला'त रोजनिशा आणि पत्रं माणसांची आहेत. ड्रॅक्युलाला स्वतःचं निवेदन नाही, म्हणून तो शेवटपर्यंत भीती राहतो. अ‍ॅन राइस यांनी १९७६ साली 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये व्हॅम्पायरलाच बोलतं केलं आणि वाचकाला त्याच्या एकटेपणात बसवलं. ती प्रेमकादंबरी नव्हे, पण पुढच्या प्रेमकादंबऱ्यांची वाट तिने मोकळी केली.

मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा घडवली. धारपांचा वाचक आजही त्यांची पुस्तकं जपून ठेवतो, मतकरींच्या कथेतली मध्यमवर्गीय घरं आजही अंगावर काटा आणतात. भुताशी प्रेम, आणि तेही शेवटास नेलेलं, ही वाट मात्र आपल्याकडे रुळली नाही. साहित्य तर घरातच पडून आहे. आपल्या लोकपरंपरेत भुताची जात बहुधा मरताना काय अपुरं राहिलं यावरून ठरते. मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेला, तो मुंजा, पिंपळावर राहणारा. बाळंतपणात गेली ती हडळ. ज्याची क्रियाकर्मं नीट झाली नाहीत, जीव धनात अडकला, तो समंध. प्रत्येकाची इच्छा आणि बंधन नावातच आलं. मुंजा मूल असतो, त्याला प्रेमकथेचा नायक करू नये. इतर बऱ्याच जणांच्या वाट्याला मात्र अजून कुणी भीतीपलीकडचं काही दिलेलं नाही.

चकवा घ्या. रात्री वाटसरूला चकवा लागला की तो फिरून फिरून त्याच जागी येतो आणि उजाडेपर्यंत सुटत नाही. शेवटची एसटी चुकलेली एक बाई माळावरून चालत निघाली आहे आणि चकव्याला तिच्याशी बोलायचं आहे, एवढं धरून पाहा. तिला वाट सापडली की ती जाणार. न सापडू देणं हे त्याच्या हातात आहे आणि तोच त्याचा अन्याय. आज रात्री त्याने आपण होऊन वाट दाखवली, तर उद्या ती अंधार पडल्यावर पुन्हा त्या माळावर येईल का? इथे अट, संमती आणि शेवटाची आशा तिन्ही एका माळावर आली. यात एकही कोट घातलेला व्हॅम्पायर उसना आणावा लागला नाही.

आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. वेतोबा देव आहे, त्याला कादंबरीत ओढू नये. पण झिजलेल्या वहाणेपर्यंत पोचलेली ही कल्पकता बघा. न दिसणाऱ्याला पाय आहेत, ते थकतात, त्याच्या वस्तू जुन्या होतात. नायकाला असा झिजण्याचा एक तपशील मिळाला, तर त्याच्यावर प्रेम करणं वाचकाला अवघड जाणार नाही.

भुतांच्या अटी गावोगाव वेगळ्या आहेत. एका गावात भूत मीठ ओलांडत नाही, दुसऱ्यात उंबरठा. त्या ठाऊक असलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळी अंकांचे संपादक भयकथा विशेषांक काढतात तसा एखादा अंक या प्रेमकथांसाठी काढू शकतात, पण त्याआधी हे काम तुमचं-आमचं आहे. येत्या सुट्टीत गावी गेलात तर आजीला 'भूत असतं का?' असं विचारू नका. आपल्या वेशीवरचं भूत काय करू शकत नाही, ते विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून आणा.