पडद्यावरून रंगमंचावर : ‘ब्यूटी अँड द बीस्ट’

डिस्नेचा ॲनिमेशनपट ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ १९९१मध्ये प्रदर्शित झाला. १९९४मध्ये तो संगीत नाटक होऊन ब्रॉडवेवर आला. चित्रपट जेमतेम दीड तासाचा, नाटकाला मात्र मध्यंतरासह अडीच तास भरायचे होते. त्यासाठी संगीतकार ॲलन मेंकन यांनी नव्या चाली बांधल्या. गीतकार हॉवर्ड ॲशमन १९९१मध्येच निवर्तले होते, म्हणून नवी गीते टिम राइस यांनी लिहिली. चित्रपटातून वगळलेले ॲशमन यांचे एक गाणेही नाटकात आले. त्यांच्या कामाला मिळालेली ही उचित दाद होती.

खरा पेच मेणबत्ती, घड्याळ, किटली या, शापाने वस्तू झालेल्या माणसांच्या पात्रांचा. चित्रात वस्तू सहज बोलते; रंगमंचावर ती नटालाच साकारावी लागते. म्हणून शापामुळे ही माणसे हळूहळू वस्तू होत चालली आहेत, असे दाखवले गेले. त्यामुळे नटाचा चेहरा मोकळा राहिला आणि शापाची भीतीही गडद झाली.

मुंबईत हे नाटक ऑक्टोबर २०१५मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंग्रजीत झाले. कलाकार भारतीय, दिग्दर्शक विक्रांत पवार, नृत्ये टेरेन्स लुईस यांची. २०१८मध्ये ‘अलादिन’ही मुंबईत रंगमंचावर आले.