दगडी चेहऱ्याचे पूल

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात मर्सेड नदीवरचे पूल पाहिले, की ते मोटारींच्या कितीतरी आधीचे असावेत असं वाटतं. ओबडधोबड ग्रॅनाइट, बसक्या कमानी, काळवंडलेले कठडे. प्रत्यक्षात ते मोटारींसाठीच बांधले गेले. शिवाय कमानीचा भार दगडावर नाहीच. आत सळयांचं काँक्रीट आहे, ग्रॅनाइट हा नुसता पेहराव.

हा पेहराव सरकारी धोरणातून आला. १९१६ साली अमेरिकेत नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली. मे १९१८ मध्ये अंतर्गत खात्याचे सचिव फ्रँकलिन लेन यांनी तिचे संचालक स्टीफन मॅथर यांना पत्र पाठवून बजावलं, की रस्ते, इमारती, जे काही उभं राहील ते आसपासच्या निसर्गाशी मेळ राखूनच. या विचारातून वाढलेल्या बांधणीला रस्टिक शैली म्हणतात.

योसेमिटीत १९१३ पासून मोटारींना मुभा मिळाली आणि जुने लाकडी-लोखंडी पूल अपुरे पडू लागले. १९२२ साली योसेमिटी क्रीकवर ग्रॅनाइटच्या मुखाचा काँक्रीट पूल झाला. १९२६ च्या करारानं कामाची वाटणी ठरली: स्थापत्य ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सकडे, देखणेपणाची जबाबदारी पार्क सर्व्हिसच्या भूदृश्य-रचनाकारांकडे. अभियंता आणि सौंदर्यवादी एका नकाशावर सही करतात, हे आपल्या सार्वजनिक बांधकामांकडे पाहिल्यावर जरा परीकथेसारखंच वाटतं! खोऱ्यातल्या अशा आठ पुलांपैकी पाच एकट्या १९२८ सालचे आहेत. १९३२ च्या स्टोनमन पुलाला मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना घोडेस्वारांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत.

हे सोंग असलं तरी फार मन लावून वठवलेलं आहे. दगड स्थानिकच हवा, आकारानं मोठा हवा, नाहीतर भोवतालच्या कड्यांपुढे पूल खेळण्यातला दिसेल. दगडाची ऊन-पावसानं रापलेली बाजू बाहेर ठेवायची, सांध्यातला चुना-सिमेंट आत दबलेला राहू द्यायचा. सफाई दिसू नये यासाठी एवढी सफाई! काँक्रीट लपवणं ही लबाडी, असं शुद्धतावादी वास्तुविशारद म्हणतील. मला तसं वाटत नाही. डोळ्यांपुढे एल कॅपिटनचा कडा असताना पुलानं आपली हुशारी मिरवू नये, हा शहाणपणाच होता.

पण डोळ्यांचा विचार झाला, नदीचा झाला नाही. मर्सेड ही वळणं बदलत वाहणारी नदी. पुलाचे भरभक्कम टेकू तिचं पात्र एका जागी खिळवतात. पूर आला की पाणी कमानीच्या तोंडाशी तुंबतं, अरुंद वाटेतून वेगानं सुटतं आणि काठ पोखरतं. १९१९ ते १९८९ या काळातल्या पात्राची तुलना करणारा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. काठांच्या झिजेमागे पर्यटकांची तुडवातुडव आणि पुलांमुळे होणारी पात्राची कोंडी, दोन्ही कारणं त्यात आढळली.

पेच कायद्यातही आहे. १९७७ मध्ये हे आठ पूल ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले. १९८७ मध्ये मर्सेडला मुक्त वाहणाऱ्या नद्यांच्या कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणजे पूल जपायचा आणि नदी मोकळी करायची, दोन्ही एकाच पार्क सर्व्हिसनं. काही पूल पाडण्याचा विचार पुढे येताच २०१२ साली नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशननं या पुलांना धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं. सर्वाधिक वाद झाला शुगर पाइन पुलावर. २०१४ च्या अंतिम नदी-आराखड्यानं तो लगेच तोडला नाही, आधी इतर उपाय करून पाहायचं ठरवलं.

माझा कौल विचाराल, तर या आठांपैकी पोहोनो किंवा स्टोनमन पुलाला हात लावू नये. शुगर पाइनची गोष्ट वेगळी. त्याच्यावरून आता मोटारी जात नाहीत, फक्त पायी आणि सायकलवर फिरणारे जातात. त्यांच्यासाठी नदीला न अडवणारा हलका पूल बांधता येईल. मोजमापं, छायाचित्रं नीट नोंदवून हा एक पूल उतरवायला माझी हरकत नाही.