फुगवटा आत जातो तोवर

गेल्या आठवड्यात आपण पोटाच्या स्नायूंची भिंत पाहिली. ती सगळीकडे सारखी भक्कम नसते. जांघेत, बेंबीपाशी आणि जुन्या ऑपरेशनच्या व्रणाजवळ ती कमजोर असते. तिथून आतडं किंवा पोटातली चरबी बाहेर आली की तो हर्निया. जुनी माणसं त्यालाच अंतर्गळ म्हणत.

सुरुवात फसवी असते. खोकताना, कुंथताना, भरलेली कळशी उचलताना जांघेत फुगवटा येतो. आडवं झालं की नाहीसा होतो. दुखतही नाही, फार तर संध्याकाळपर्यंत जड वाटतं. मग पट्टा बांधून वर्षं काढली जातात. पट्ट्याने फुगवटा दबतो, भोक बुजत नाही, आणि ते बुजवणारं औषधही नाही. काहीच त्रास नसलेल्या पुरुषाला सर्जन कधी कधी ‘तूर्त लक्ष ठेवू’ असं सांगतात. पण ते तपासून सांगतात. आपण घरबसल्या ठरवायचं नसतं.

बायकांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नये. जांघेच्या घडीखाली येणारा हर्निया त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. तो लहान असतो, लाजेने दाखवला जात नाही, आणि अडकतो मात्र पटकन.

अडकणं म्हणजे काय? बाहेर आलेलं आतडं अरुंद भोकात आवळलं जातं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते सडू लागतं. फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, त्यावरची कातडी लाल-काळी पडली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, वारा सरेना – यातलं काहीही दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. चोळू नका, जोर लावून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका.

तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप बसते. तिच्यावर नाणं बांधल्याने काही साधत नाही. बाळाच्या जांघेतला फुगवटा मात्र आपोआप जात नाही, त्याला लवकर ऑपरेशन लागतं.

मोठ्यांच्या ऑपरेशनमध्ये आता बहुतेक वेळा भोकावर जाळी बसवतात. ही जाळी महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि सहकाऱ्यांसह २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त त्याचे निष्कर्ष मांडले. पुढे युगांडात मच्छरदाणीच्या जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला : वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. खानदेशातल्या छोट्या गावात सुचलेल्या या युक्तीचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढच्या आठवड्यात : ऑपरेशननंतर कामावर कधी परतायचं, वजन कधी उचलायचं.