वतनदारांना वेसण

मोहोपाड्याजवळचा माणिकगड हा १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेल्या किल्ल्यांपैकी एक. शिवछत्रपतींच्या अमदानीत किल्ला एकाच्या हाती सोपवीत नसत. हवालदार, सरनोबत व सबनीस अशा तिघांनी मिळून कारभार पाहावयाचा, म्हणजे एकाने फितुरीचा विचार केला तरी इतर दोघे आड यावेत.

देशमुख-देशपांड्यांचे प्रकरण याहून बिकट होते. वतन पिढीजात, गढी भक्कम, पदरी शिबंदी. राज्ये बदलली तरी हे जागच्या जागी. महाराजांनी त्यांचे बुरूजबंद वाडे पाडले, हक्क ठरवून दिले आणि आपल्या सेवकांना सरंजामाऐवजी रोख वेतनाची शिस्त लावली. वतनसंस्था मात्र त्यांनी सरसकट मोडली नाही. हा विवेक त्यांच्या गुणगौरवात सहसा विसरला जातो.

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने (१४८५–१५०९) सरदारांकडून जबर रकमांचे मुचलके लिहून घेऊन हेच साधले. निष्ठेत उणे दिसताच वसुली! त्याच्या पश्चात पुत्राने एम्प्सन व डडली या वसुली करणाऱ्या दोघा मंत्र्यांचा १५१० मध्ये शिरच्छेद करविला.

इकडेही घडी टिकली नाही. १६८९ नंतर औरंगजेब वतनांचे आमिष दाखवू लागताच राजाराम महाराजांच्या दरबारालाही तोच मार्ग धरावा लागला. पुढे आज्ञापत्रात वतनदारांविषयी कडक इशारा देणारे रामचंद्रपंत अमात्य, त्या वाटपाच्या काळात महाराष्ट्राचा कारभार पाहत होते.