पकड भाड्याची, गुडघा स्वतःचा

यंदाच्या विंटरला गुलमर्गचा प्लॅन शिजतोय? मग जॅकेट-गॉगलच्या शॉपिंगला निघण्याआधी पायाखालच्या त्या किलोभराच्या यंत्राशी जरा ओळख करून घ्या. भाड्याचं बरं की स्वतःचं, हा प्रश्न नंतर.

बाइंडिंग म्हटलं की आपल्याला जूनमधली वह्या-पुस्तकंच आठवतात. त्यात आपला काय दोष? हिंगोलीत बर्फ भेटतो तो रसवंतीवर, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. जिल्ह्याची शान म्हणजे वसमतची हळद, जिला २०२४ मध्ये जी.आय. मानांकन मिळालं. तिचा आणि स्कीइंगचा संबंध फार तर मुका मार लागल्यावर! पण १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, त्या सुमारास जन्मलेली पोरं-पोरी आता हिंजवडीत, खराडीत, बंगळुरूत लॅपटॉप बडवतायत. हिंगोली ते हिंजवडी झालं, आता हिंजवडी ते हिमालय. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी गुलमर्गचा फोटो टाकतं, चार अंगठे येतात, तिकिटं बुक होतात. आणि मग ग्रुपमधला एक रिसर्चवाला (प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच) पिल्लू सोडतो, "भाड्याची बाइंडिंग्ज जड असतात, परफॉर्मन्स मार खातो. स्वतःचीच घेऊ या का?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण तुमच्या-माझ्या कामाचं किती, ते बघू.

पकडायचं कमी, सोडायचं जास्त

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारी क्लिप. पुढचा भाग बुटाचं नाक पकडतो, मागचा टाच. पण हिचं खरं काम आहे वेळेवर सोडणं. पडताना पाय पिळला गेला तर पुढचा भाग बाजूला उघडतो, आणि तोंडावर पडताना मागचा भाग टाच वर सोडतो. सुटलेली स्की एकटीच दरीत पळू नये म्हणून खाली दोन पायांचा ब्रेक असतो, तो बर्फात रुततो.

ही सुटण्याची भानगड काही पहिल्यापासून नव्हती. पूर्वी बूट स्कीला घट्ट बांधलेला असायचा. पडलात की स्कीची लांबी तरफेसारखी पायावर चालायची आणि हाड मोडायचं. मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत ओरेगॉनला स्थायिक झालेला यालमार ह्वाम हा स्कीपटू १९३७ मध्ये असाच पाय मोडून हॉस्पिटलात पडला. भुलीतून बाहेर येता येता त्याला सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली म्हणतात. १९३९ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. स्वतःच्या मोडक्या पायातून धंदा काढणारा माणूस, मानलं!

हळदीच्या पाकिटाएवढा फरक

आता वजनाकडे. स्वतःच्या स्कीवरचं रेग्युलर बाइंडिंग स्कीला भोकं पाडून, स्क्रूने, तुमच्या बुटाच्या तळव्याच्या लांबीनुसार बसवलेलं असतं. मागेपुढे सरकायला थोडीशीच जागा. भाड्याच्या बाइंडिंगला दिवसभरात सहा नंबरपासून अकरा नंबरपर्यंत सगळ्यांचे पाय पकडायचे असतात. म्हणून त्याचे दोन्ही भाग रुळांवर बसवतात. लिव्हर उचलली, सरकवलं, खटका बसला, पुढचं गिऱ्हाईक! हे रूळ आणि त्याखालची पट्टी म्हणजेच ते जादा वजन.

किती? एकाच मॉडेलचे दोन अवतार घेतले तर भाड्याचा अवतार जोडीमागे साधारण दोनशे ते पाचशे ग्रॅम जास्त भरतो. समजा तीनशे, म्हणजे एका पायाला दीडशे ग्रॅम. हळदीचं एक मध्यम पाकीट! आता बाकीचा हिशेब घाला. स्कीची जोडी साडेतीन किलोच्या आसपास, बूट तेवढेच किंवा जरा जास्त, बाइंडिंग दोन किलो. एकूण नऊ किलोंच्या वर. त्यात तीनशे ग्रॅम म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. आणि गंमत म्हणजे अगदी नवख्यांसाठीची भाड्याची बाइंडिंग्ज बरीचशी प्लॅस्टिकची असतात. ती कित्येकदा शौकिनांच्या धातूच्या रेग्युलर बाइंडिंगपेक्षा हलकीच निघतात. रिसर्चवाल्याला सांगा.

शिवाय हे वजन वर कोण नेतं? गोंडोला. २,६५० मीटरवरच्या गुलमर्गहून पहिला टप्पा कोंगदूरीला, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरा खाली. उतरताना गुरुत्वाकर्षण फुकट. वजन सतावतं ते स्वतःच्या पायांनी वर चढणाऱ्यांना, म्हणजे स्की टूरिंगवाल्यांना. त्यांच्यासाठी ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८०च्या दशकात पिनांवर चालणारं बाइंडिंग काढलं. आज त्यातली कित्येक एका पायाला तीन-साडेतीनशे ग्रॅममध्ये बसतात. पायावरचं एक किलो म्हणजे पाठीवरचं पाच किलो, हा डोंगर भटकणाऱ्यांचा जुना ठोकताळा. हरिश्चंद्रगड जड बुटांनी चढलेल्यांना तो वेगळा समजवायला नको.

परफॉर्मन्सचा मुद्दा मात्र हवेतला नाही. रुळांमुळे बूट काही मिलिमीटर वर जातो. सरकणाऱ्या भागांत कालांतराने किंचित ढिलाई येते. वेगात, कडक बर्फावर स्की कडेवर झोकून वळणाऱ्याला ती जाणवते, पायाने दिलेला हुकूम स्कीला क्षणभर उशिरा पोचल्यासारखा. पण तुम्ही पहिले तीन दिवस काय करणार आहात? दोन्ही स्कीजची टोकं जवळ आणून 'पिझ्झा' करत ब्रेक मारणं आणि इन्स्ट्रक्टरच्या अंगावर न जाणं. तिथे हा फरक शोधायला गेलात तर सापडायचा नाही.

काउंटरवरचा फॉर्म

खरा फरक पडतो तो एका आकड्याने. बाइंडिंगवर छोटी खिडकी असते, त्यात एक मोजपट्टी. तिला 'डिन' म्हणतात, जर्मन मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून. आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून तक्त्यात बघून ठरतो. तळवा लांब असेल तर आकडा खाली येतो, कारण लांब तरफ पाय सहज पिळते.

इथे आपली माणसं दोन प्रकारे घोळ घालतात. काही जण वजन मॅट्रिमोनी साइटवर टाकतात तसं टाकतात, आठ किलो कमी. मग बाइंडिंग जरा खट्ट झालं की सुटतं आणि भलत्या वळणावर स्की एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. दुसरा प्रकार जास्त वाईट. 'तुम्ही कसे स्कीयर?' या रकान्यात बिनधास्त 'अॅग्रेसिव्ह'. सत्तर किलोच्या नवख्याचा आकडा साधारण पाचच्या आसपास येत असेल, तर याच माणसाचा तेवढ्या फुशारकीवर सातच्या आसपास जातो. आता पडल्यावर बाइंडिंग सुटणार नाही, आणि जे सुटेल ते गुडघ्यात असेल.

काही दुकानांत फॉर्मच नसतो. अंगकाठीकडे बघून स्क्रू फिरवला, झालं! तिथे तुम्हीच किलोत वजन सांगा, बिगिनर असल्याचं सांगा, खिडकीतला आकडा बघा आणि दोन्ही पायांचा सारखा आहे का ते तपासा. चार खिडक्या असतात, पुढच्या दोन, मागच्या दोन. बूट चढवल्यावर टाचेच्या भागाचा दाब बरोबर आहे ना, हेही विचारा. त्याला फॉरवर्ड प्रेशर म्हणतात आणि त्याची खूण बाइंडिंगवरच असते. भाड्याच्या बाइंडिंगमध्ये ही गोष्ट तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या बुटावर राहून गेलेली असू शकते. मागे रांग असली तरी लाजू नका. आपण भाजी घेताना चार वांगी उलटून बघतोच की.

एक कडू गोष्ट. बाइंडिंग उत्तम असलं, आकडा अचूक असला, तरी गुडघ्याची गॅरंटी नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टच्या शुगरबुश स्की रिसॉर्टवर १९७२ पासून दुखापतींचा दीर्घ अभ्यास झाला. सुधारलेल्या बाइंडिंग्जमुळे नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण खूप घसरलं, ए.सी.एल. नावाच्या गुडघ्यातल्या लिगामेंटचं तसं झालं नाही. मागे बसकण मारत, पाय पिळत होणारं हळू पडणं बाइंडिंगला नीट कळतच नाही. म्हणून पडायला लागलात की अर्ध्यात उठायची धडपड करू नका, सरळ पडून घ्या. लिगामेंटचं ऑपरेशन झालं तर मैदानावर परतायला सहा ते नऊ महिने सहज जातात. आणि कंपनीच्या इन्शुरन्समध्ये अॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेत का, हे निघण्याआधी एच.आर.ला विचारा, प्लॅस्टरमध्ये बसून नको.

मग घ्यायचं काय?

वर्षातून पाच दिवस जाणार असाल तर स्की आणि बाइंडिंग भाड्याने, यात मला तरी शंका वाटत नाही. विमानाच्या पंधरा किलोंतले दहा तिथेच गेले तर थर्मल काय खिशात भरणार? शिवाय बर्फाचा भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदानं भर हंगामात उघडी पडली होती. स्वतःची स्की घेऊन कोरड्या गवतावर उभं राहण्याचा फोटो लाइक्स मिळवेल, पण ई.एम.आय. कोण भरणार? मनालीच्या आणि गुलमर्गच्या सरकारी संस्थांचे दोन आठवड्यांचे कोर्स करायचे असतील तर साहित्य संस्थाच देते. कोर्स झाला, हंगामाला वीसेक दिवस बर्फावर जायला लागले, अफरवतचा उतार खुणावू लागला, की मग रेग्युलर बाइंडिंगचा विचार करा. तोवर नेमकं कुठल्या बर्फासाठी हवंय हेही कळलेलं असेल. (अफरवतला गाइडशिवाय जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीयरचा जीव गेला.)

पैसे खर्च करायचेच असतील तर बूट घ्या. ते दुसऱ्याच्या पायाच्या आकाराने दबलेले असतात, रोज तेच सगळ्यात जास्त छळतात, आणि पायाचा हुकूम स्कीपर्यंत आधी त्यांच्यातूनच जातो. त्या दीडशे ग्रॅमपेक्षा घट्ट बसलेला बूट कितीतरी जास्त देऊन जातो. फक्त तळव्याचा प्रकार दुकानातल्या बाइंडिंगला चालतो का ते विचारा. हल्ली चालायला सोपे, वळलेल्या तळव्याचे ग्रिपवॉक बूट मिळतात आणि ते प्रत्येक जुन्या बाइंडिंगला जमत नाहीत. सिमेंटच्या रस्त्यावरून ते घालून हिंडूही नका. झिजलेला तळवा अडकतो आणि बाइंडिंग सुटायचं तेव्हा सुटत नाही. पाय चढवण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने झटका, कारणही तेच.

राहता राहिली न्यू जर्सीच्या मावसभावाने घर बदलताना 'घेऊन जा रे' म्हणून देऊ केलेली पंधरा वर्षांपूर्वीची स्कीजोडी. फुकट आहे, ब्रँडेड आहे, बाइंडिंगही रेग्युलर आहे. पण कंपन्या जुनी मॉडेल्स आपल्या यादीतून काढून टाकतात आणि मग तिथली दुकानंसुद्धा त्या बाइंडिंगला स्क्रूड्रायव्हर लावत नाहीत, कारण जबाबदारी कुणाचीच नसते. शिवाय ते त्याच्या बुटाच्या मापाने बसवलंय. भावाला थँक्यू म्हणा, आणि आणलीच तर हॉलच्या भिंतीवर आडवी लावा. खाली दोन खिळे मारले की हेल्मेट अडकवायला बरी पडते.